पाण्याखालच्या स्फोटाने पाणबुडीचं नेमकं काय होतं, आणि ते आपल्याला कळलं कसं?

पाणबुडीवरचा कुठलाही युद्धपट आठवा. वर विनाशिका घिरट्या घालते आहे, तिच्यावरून पिंपासारखे डेप्थ चार्ज पाण्यात पडताहेत, खाली माणसं श्वास रोखून छताकडे बघताहेत. मग धडाम! दिवे जातात, कुठल्यातरी नळातून पाण्याची चिळकांडी उडते. बघताना आपला समज होतो की गोष्ट सोपी आहे: स्फोट जवळ झाला तर पोलादाला भोक पडतं, लांब झाला तर पाणबुडी वाचते.

आता एक छोटं गणित करू. ब्रिटिश नौदलाने १९१६ मध्ये वापरात आणलेल्या मोठ्या डेप्थ चार्जमध्ये साधारण १३६ किलो स्फोटक असायचं. एवढं टीएनटी पाणबुडीपासून १० मीटरवर फुटलं, तर तिच्या पोलादाशी पोचणाऱ्या लाटेचा दाब सुमारे २५० बार भरतो. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची नेहमीची पाणबुडी म्हणजे टाइप ७-सी. तिचा प्रेशर हल, म्हणजे माणसं आणि यंत्रं ज्याच्या आत असतात तो पोलादी नळा, १८.५ मिलिमीटर जाडीचा होता. तो साधारण २५० मीटर खोलीवर चेपेल असा हिशोब होता. तिथे पाण्याचा दाब असतो २५ बारच्या आसपास.

म्हणजे जो नळा २५ बारला चेपायला हवा, त्याच्यावर २५० बार येऊन आदळतात. तरीही १० मीटरवरच्या अशा स्फोटातून पाणबुड्या वाचल्या आहेत. आणि काही पाणबुड्या हलला भोक न पडताही कायमच्या निकामी झाल्या आहेत. हे कसं?

या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, एक भौतिकशास्त्राचं आणि एक इतिहासाचं. भौतिकशास्त्राचं पुस्तकात सापडतं. इतिहासाचं संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, कारण या विषयात एक विचित्र अडचण पहिल्यापासून होती. ज्या पाणबुडीला सगळ्यात जास्त सांगायचं असतं, ती समुद्राच्या तळाशी जाते. तपासायला हाताशी येतात त्या वाचलेल्या. मग मारणाऱ्या स्फोटाबद्दल माहिती मिळवायची कुठून?

पहिला घाव: अर्धा मिलिसेकंद

आधी भौतिकशास्त्र. टीएनटी फुटतं तेव्हा घन पदार्थाचा जवळजवळ क्षणात प्रचंड दाबाचा, तापलेला वायू होतो. भोवतालचं पाणी हवेसारखं सहज दबत नाही, त्यामुळे तो धक्का जसाच्या तसा पुढे ढकलला जातो. ही झाली शॉकवेव्ह. स्फोटाची साधारण निम्मी ऊर्जा हिच्यात जाते. पाण्यातला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. ही लाट सुरुवातीला त्याहून वेगाने निघते आणि लवकरच त्या वेगावर येते.

वरच्या उदाहरणातली २५० बारची लाट येते ती एकदम, जणू भिंतच, आणि लगेच ओसरायला लागते. किती लगेच? साधारण अर्ध्या मिलिसेकंदात तिचा दाब एक-तृतीयांशाच्या जवळ येतो. कोड्याचा पहिला धागा इथे सुटतो. खोल पाण्याचा २५ बार दाब सतत असतो, तो हलला सवड देत नाही. शॉकवेव्हचा दाब दसपट असला तरी पोलादाला हलायला, वाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती थांबतच नाही. म्हणून इथे निव्वळ दाब बघून भागत नाही. दाब आणि काळ यांचा गुणाकार, म्हणजे आवेग, बघावा लागतो.

हे आज एका वाक्यात सांगता येतं, पण मोजणं फार अवघड होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये हिलियर यांनी जी मापनं केली (अहवाल १९१९ चा), त्यात इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं. लाटेच्या दाबाने एक छोटा दट्ट्या पुढे जायचा आणि तांब्याच्या कांडीवर आपटायचा. कांडी किती चेपली ते मोजायचं. दट्ट्याला वेगवेगळं अंतर धावायला लावलं, की वेगवेगळ्या क्षणांपर्यंतच्या दाबाचा अंदाज यायचा. मिलिसेकंदाचे तुकडे तांब्याच्या कांड्यांनी मोजण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते. पुढे दाब पडल्यावर विद्युतभार तयार करणारे टुर्मलिनचे स्फटिक आले आणि लाटेचा आलेखच थेट मिळू लागला.

या मापनांतून एक नियम पक्का झाला, तो लक्षात ठेवा: घनमुळाचा नियम. स्फोटक आठपट वाढवलं, तर तोच कमाल दाब फक्त दुप्पट अंतरावर मिळतो. डेप्थ चार्ज कितीही मोठा केला तरी त्याचा मारक टप्पा त्या मानाने फारच हळू वाढतो. ब्रिटिशांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या नेहमीच्या डेप्थ चार्जचा हल फोडण्याचा टप्पा साधारण ६ मीटर धरला जायचा. समुद्राच्या मानाने ६ मीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून एकाऐवजी अनेक चार्ज नक्षी करून टाकायची पद्धत पडली.

१९४१ मध्ये केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी पुढचा प्रश्न घेतला: लाट पोलादी पत्र्यावर आदळते त्या क्षणी काय होतं? त्यांचं उत्तर पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं. पत्रा जड आणि अचल असेल तर लाट परत फिरते आणि पत्र्यावरचा दाब दुप्पट होतो. पण पत्रा पातळ असेल आणि त्याच्यामागे हवा असेल, तर तो लाटेपासून दूर पळायला लागतो. तो पळाला की त्याच्यावरचा दाब झपाट्याने कमी होतो, अगदी शून्यापर्यंत, आणि पत्रा आणि पाणी यांच्यामध्ये क्षणभर पोकळी तयार होते. म्हणजे पत्रा हलतो म्हणून लाटेचा बराचसा आवेग चुकवतो. एखाद्याने चेंडू झेलताना हात मागे घ्यावा तसं.

पण हे फुकट मिळत नाही. आपले आकडे टेलर यांच्या सूत्रात घातले (१८.५ मिलिमीटरचा सुटा, सपाट पत्रा, मागे हवा), तर पत्र्याचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर येतो, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वर. खऱ्या पाणबुडीत हल गोल असतो आणि आतून पोलादी कड्यांनी धरलेला असतो, म्हणून वेग वेगळा असणार. तरी अंदाज घ्या. एक हजारांश सेकंदाच्या आत हलने एवढा झटका घेतला, तर हलला थेट बोल्ट करून बसवलेल्या पंपाचं, झडपेचं, बॅटरीचं काय होईल?

दुसरा घाव: बुडबुडा

शॉकवेव्ह निघून गेली तरी स्फोटाची जवळजवळ निम्मी ऊर्जा अजून जागेवरच असते, तापलेल्या वायूच्या बुडबुड्यात. हा बुडबुडा फुगत जातो. पाण्याला बाहेर ढकलताना पाण्याला वेग येतो आणि त्या वेगामुळे तो गरजेपेक्षा जास्त फुगतो. मग आतला दाब बाहेरच्या समुद्राच्या दाबापेक्षा खूप कमी होतो आणि समुद्र त्याला दाबून लहान करतो. लहान होतानाही तसंच, गरजेपेक्षा जास्त दबतो आणि पुन्हा उसळून फुगतो. दर वेळी दबल्या क्षणी दाबाचा नवा ठोका बाहेर पडतो.

१३६ किलोचा चार्ज ३० मीटर खोलीवर फुटला, तर बुडबुड्याची त्रिज्या सुमारे ५ मीटरपर्यंत जाते आणि एक फेरा पूर्ण व्हायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. तोच चार्ज १०० मीटरवर फुटला तर त्रिज्या साडेतीन मीटरच्या आसपास आणि फेरा साधारण ०.२२ सेकंदाचा. खोली वाढली की समुद्र बुडबुड्याला जास्त जोराने दाबतो, म्हणून तो लहान राहतो आणि घाईत धडधडतो. हे वाक्य डोक्यात ठेवा, शेवटाकडे कामाला येईल.

या गणिताचा इतिहास मजेशीर आहे. १९१७ मध्ये लॉर्ड रेले यांनी द्रवातली गोल पोकळी कोसळते तेव्हा दाब किती होतो, यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांच्यासमोर स्फोट नव्हता. जहाजांच्या पंख्यांना पाण्यात खड्डे का पडतात, हा त्या वेळचा डोकेदुखीचा प्रश्न होता. १९४१ मध्ये विलिस यांनी तेच गणित उचललं आणि स्फोटाच्या बुडबुड्याचा फेरा किती वेळाचा, याचं सूत्र मिळवलं. पंख्याच्या खड्ड्यांसाठी केलेलं काम एका महायुद्धानंतर दुसऱ्यात बॉम्बसाठी उपयोगी पडलं.

पाणबुडीला बुडबुडा दोन प्रकारे त्रास देतो. एक, त्याचा ठोका शॉकवेव्हपेक्षा मऊ पण खूप जास्त वेळ टिकणारा असतो. पाणबुडीचा लांब नळा एखाद्या वेताच्या छडीसारखा वर-खाली लवतो आणि त्याला स्वतःचा एक नैसर्गिक ताल असतो. बुडबुड्याचा ताल त्याच्याशी जुळला, तर प्रत्येक ठोक्याला लवणं वाढत जातं. दोन, बुडबुडा हलच्या अगदी जवळ असेल तर कोसळताना तो गोल राहत नाही. हलकडे ओढला जातो आणि त्याच्या पोटातून पाण्याची धार थेट हलवर बसते.

शिवाय खोलीचा हिशोब दोन्ही बाजूंनी चालतो. खोल गेलेल्या पाणबुडीवर बुडबुडा लहान पडतो, हे तिच्या फायद्याचं. पण तिचा हल आधीच समुद्राच्या सततच्या दाबाने ताणलेला असतो. हलच्या कड्यांच्या मधला पत्रा स्फोटाने थोडा आत दबला, तर उरलेलं काम समुद्रच करतो.

वाचलेल्यांची साक्ष

आता इतिहासाकडे येऊ. २७ ऑगस्ट १९४१ रोजी आइसलँडच्या दक्षिणेला यू-५७० ही जर्मन पाणबुडी पाण्याबाहेर आली, ती नेमकी एका ब्रिटिश हडसन विमानाच्या खाली. विमानाने चार डेप्थ चार्ज टाकले. पाणबुडी जोरात कलंडली, दिवे गेले, पाणी आत यायला लागलं, बॅटरीचे सेल फुटले. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं आणि त्यात समुद्राचं मीठ मिसळलं की क्लोरीन तयार होऊ शकतो. बंद नळ्यात क्लोरीन म्हणजे मरण. बहुतेक नवखे असलेल्या खलाशांनी पांढरं कापड दाखवून विमानासमोर शरणागती पत्करली.

ब्रिटिशांनी ती पाणबुडी ओढत आइसलँडला नेली आणि तपासली. प्रेशर हल मोडलेला नव्हता. दुरुस्त करून, एचएमएस ग्राफ असं नाव देऊन, त्यांनी ती स्वतःच्या नौदलात घेतली. थोडक्यात, पाणबुडी हरली ती पोलादामुळे नाही. बॅटरीचे सेल, दिवे, झडपा आणि माणसांची भीती, या सगळ्यांनी मिळून तिला हरवलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या सॅमनचं. ३० ऑक्टोबर १९४४ रोजी जपानच्या दक्षिणेला क्यूशूजवळ तिच्यावर जपानी जहाजांनी डेप्थ चार्जचा मारा केला. ती नियंत्रण सुटून खोल गेली, कशीबशी वर आली, पाण्यावरून तोफेने लढत निसटली आणि सायपानला पोचली. कड्यांच्या मधला तिचा हल आत दबला होता, पण फुटला नव्हता. तरी तिला पुन्हा लढाईवर पाठवलं गेलं नाही. यू-५७० च्या उलट बाजू इथे दिसते: माणसं शाबूत, लढायला तयार, पण पोलादाची ताकद कायमची गेलेली.

अमेरिकी नौदलाने अशा पाणबुड्यांचं नुकसान नोंदवून, चित्रं आणि मोजमापांसह, १९४९ मध्ये युद्धातल्या नुकसानीवरचा ५८ क्रमांकाचा अहवाल काढला. या विषयातल्या ऐतिहासिक साधनांत तो फार मोलाचा आहे. कुठली झडप उघडली, कुठला बोल्ट तुटला, कुठल्या खोलीवर, हे सगळं त्यात तपशिलाने आहे.

पण इथे जरा थांबा आणि विचारा, हे तपशील दिले कोणी? परत आलेल्यांनी. त्याच युद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या. त्यांतल्या अनेकांबद्दल शत्रूच्या नोंदी, शेवटचा संदेश किंवा परत न आल्याची तारीख, एवढंच हातात होतं. "झडपा आणि बॅटरी हे खरे कच्चे दुवे आहेत" हा निष्कर्ष वाचलेल्या पाणबुड्यांवरून अगदी बरोबर निघतो. पण ज्यांचा हल फुटला त्या यादीतच नाहीत. मग बुडालेल्यांचंही तसंच झालं असं म्हणायचं कशाच्या आधारावर? अहवालात चूक नाही. अहवालाला जे विचारता येत नाही ते त्याला विचारलं, तर चूक आपली होईल.

मुद्दाम बुडवलेल्या पाणबुड्या

ही फट बुजवायचा एक मार्ग म्हणजे स्वतःच स्फोट करून बघणं. २५ जुलै १९४६ रोजी बिकिनी बेटांजवळ अमेरिकेने 'बेकर' चाचणीत २० किलोटनांहून मोठा अणुस्फोट पाण्याखाली २७ मीटरवर केला. लक्ष्य म्हणून ठेवलेल्या जहाजांच्या ताफ्यात आठ पाणबुड्या होत्या, त्यांतल्या तीन बुडाल्या. पण उथळ खाडीतला स्फोट आणि खोल महासागरातला स्फोट वेगळे. पृष्ठभागावरून आणि तळावरून परत फिरणाऱ्या लाटा सगळं चित्र बदलतात.

म्हणून १४ मे १९५५ रोजी 'विगवॅम' ही चाचणी झाली. सॅन दिएगोच्या नैर्ऋत्येला काहीशे किलोमीटरवर, खुल्या समुद्रात, सुमारे ६०० मीटर खोलीवर ३० किलोटनांचा स्फोट. त्यासाठी खऱ्या पाणबुडीच्या चार-पंचमांश आकाराचे तीन निर्मनुष्य हल खास बांधले होते आणि आत मोजमापाची साधनं बसवली होती. त्यांची नावं 'स्क्वॉ'. ते वेगवेगळ्या अंतरांवर ठेवले आणि सगळ्यात जवळचा नष्ट झाला. मारणारा स्फोट घडत असताना पाणबुडीच्या आतून मोजमाप घेण्याची सोय इथे झाली.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. इथली साक्षीदार पाणबुडी माणसाने आखलेली, अंतर ठरवलेलं, खोली ठरवलेली. तिच्यात घाबरणारं कोणी नव्हतं, बॅटरीच्या खोलीत पाणी बघून निर्णय घेणारं कोणी नव्हतं. यू-५७० ची गोष्ट विगवॅममध्ये घडूच शकत नव्हती. आणि किंमत बघा: एका मोजमापासाठी महासागरात अणुस्फोट, आणि आसपास हजारो माणसं कामावर. युद्धातल्या साधनांत मारणारा स्फोट दिसत नव्हता, चाचणीत माणूस दिसत नव्हता. प्रत्येक साधनाची एक आंधळी बाजू असते, ती ही अशी.

१३६ वर्षांनी वर काढलेली पाणबुडी

कधीकधी मात्र बुडालेला साक्षीदारच वर येतो. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री, अमेरिकी यादवी युद्धात, दक्षिणेच्या बाजूची हनली ही हाताने चालवायची पाणबुडी चार्ल्स्टन बंदराबाहेर गेली. पुढे सुमारे ५ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साधारण ६१ किलो काळी दारू. तिने हाउसॅटॉनिक हे जहाज बुडवलं. लढाईत शत्रूचं जहाज बुडवणारी ही पहिली पाणबुडी. पण तिच्यातले आठही जण परतले नाहीत.

ऑगस्ट २००० मध्ये तिला समुद्रातून वर काढलं. आतल्या आठ जणांचे अवशेष आपापल्या जागीच होते. बाहेर पडायची धडपड दिसत नव्हती, पाणी उपसायचे पंप लावलेले नव्हते. पुढे दांड्याच्या टोकाची तपासणी झाली तेव्हा कळलं की स्फोट झाला त्या वेळी दारू दांड्यालाच होती. म्हणजे पाणबुडी स्फोटापासून पाचेक मीटरवरच होती.

ड्यूक विद्यापीठात रेचल लान्स या पीएचडीच्या विद्यार्थिनीने हा प्रश्न घेतला. तिने हनलीची एक-षष्ठांश आकाराची प्रतिकृती केली, तळ्यात तरंगवली, जवळ दारूचे छोटे स्फोट केले आणि आतल्या हवेत दाब किती पोचतो ते मोजलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष: पातळ लोखंडातून दाबाची लाट आत पोचली आणि हल शाबूत असतानाच माणसांच्या फुप्फुसांना प्राणघातक इजा झाली. अशा इजेत हाडं मोडत नाहीत. फुप्फुसासारखे मऊ अवयव फाटतात आणि तेच अवयव दीडशे वर्षांत उरत नाहीत.

हनलीचं जतन करणाऱ्या गटाने हा निष्कर्ष मान्य केला नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते नंतर ठरवा. आधी बघा की वाद नेमका कशावर आहे. पुरावा सगळ्यांसमोर तोच आहे. प्रश्न असा की पुराव्यातल्या गैरहजेरीचा अर्थ काय लावायचा. मोडलेलं हाड नाही, याचा अर्थ "स्फोटाने मारलं नाही" असा, की "हाड न मोडता मारलं" असा? प्रतिकृतीवरचा प्रयोग दुसरी शक्यता खरी असू शकते हे दाखवतो. तसंच घडलं, हे सिद्ध करायला आणखी काही लागतं.

बुडबुड्याने दिलेली साक्ष

आता ते मघाचं वाक्य काढा: खोली आणि वजन यांवर बुडबुड्याचा ताल ठरतो.

१२ ऑगस्ट २००० रोजी, हनली वर आली त्याच आठवड्यात, रशियाची कुर्स्क ही अणुपाणबुडी बॅरेंट्स समुद्रात बुडाली. ११८ जण गेले. सुरुवातीला परदेशी पाणबुडीने धडक दिली असावी, असं रशियन अधिकारी सांगत होते. पण उत्तर युरोपातल्या भूकंपमापन केंद्रांवर दोन धक्के नोंदले गेले होते: एक छोटा, आणि साधारण १३५ सेकंदांनी त्याच्या कितीतरी पट मोठा. कीथ कोपर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या नोंदींचं विश्लेषण मांडलं. मोठ्या धक्क्याच्या वारंवारितांमध्ये एक ठरावीक अंतराची नक्षी होती, सेकंदाला सुमारे १.४५ ठोके या तालाची. ही बुडबुड्याची खूण.

तुम्हीही करून बघा. फेऱ्याचा काळ सेकंदांत हवा असेल, तर स्फोटकाच्या किलोंमधल्या वजनाचं घनमूळ घ्या, त्याला २.१ ने गुणा, आणि खोलीच्या मीटरांत १० मिळवून येणाऱ्या आकड्याच्या पाच-षष्ठांश घाताने भागा. वजन ४५०० किलो आणि खोली १०० मीटर धरली, तर उत्तर येतं साधारण ०.६९ सेकंद, म्हणजे सेकंदाला १.४५ ठोके. पाण्याखाली काही टन टीएनटीइतका स्फोट! धडकेतून अशी नक्षी येत नाही. २००२ मध्ये रशियाच्या अधिकृत चौकशीनेही टॉर्पेडोतल्या गळतीने पहिला स्फोट आणि मग पुढच्या कप्प्यातल्या टॉर्पेडोंचा मोठा स्फोट, असंच कारण दिलं.

पण इथेही खबरदारी घ्या. काळ वजनाच्या घनमुळावर अवलंबून आहे. म्हणून काळ मोजण्यात १० टक्के चूक झाली, तर वजनात जवळपास ३० टक्के चूक होते. शिवाय सूत्र उघड्या पाण्यातल्या टीएनटीचं आहे, आणि इथे स्फोट पोलादी नळ्याच्या आत झाला होता. म्हणूनच जबाबदार संशोधक एकच आकडा छातीठोकपणे न सांगता पट्टा सांगतात. "स्फोट झाला" हे पक्कं, "किती टनांचा" हे अंदाजे. एकाच नोंदीतून निघालेल्या दोन निष्कर्षांचं वजन वेगळं असू शकतं.

आपल्याजवळचा एक प्रश्न

शेवटी तुमच्यासाठी एक प्रकरण सोडून जाते. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली. ती मूळची अमेरिकी, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बांधलेली डियाब्लो. तिच्यावरचे सगळे, ९३ जण, मरण पावले. भारतीय नौदलाच्या म्हणण्याप्रमाणे आयएनएस राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे ती गेली. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यावरच्याच सुरुंगांचा किंवा आतल्या दारूगोळ्याचा अपघाती स्फोट झाला.

आपल्याला कुठलं उत्तर आवडेल हे बाजूला ठेवा आणि वर वाचलेलं वापरून बघा. हलचे पत्रे आत वाकलेत की बाहेर? बाहेर वाकले असतील तर आत स्फोट झाला एवढं कळेल. पण आतला स्फोट आपोआप झाला की बाहेरच्या डेप्थ चार्जच्या झटक्याने, हे कळेल का? पहिल्या आणि दुसऱ्या आवाजात किती अंतर होतं? ते कोणी ऐकलं, आणि त्यांच्या घड्याळांवर किती भरवसा? डेप्थ चार्ज किती किलोचे, किती मीटरवर फुटले, आणि त्या अंतरावर आवेग किती? यांतल्या एकेका प्रश्नाला एकेक साधन लागेल आणि प्रत्येक साधनाची आंधळी बाजू वेगळी असेल. दोन साधनं वेगवेगळ्या बाजूंनी आंधळी असूनही एकच गोष्ट सांगत असतील, तेव्हा त्या गोष्टीवर भार टाकायला हरकत नाही. तोवर पट्टा सांगायचा, आकडा नाही.